राइट टाइम

माझी बायको कमला विमानतळाच्या काचेच्या दारातून आत गेली आणि पाचच मिनिटांत बाहेरच्या फलकावर तिच्या विमानापुढे आठ दहाच्या जागी साडेनऊ आलं. मी लोखंडी बाकावर बसलो होतो. आजूबाजूला कोणालाच काही वाटलं नाही. मानेत उशा अडकवून आलेली एक फॅमिली फलकाकडे पाहून हसली, त्याचा फोटो काढला, आणि पुन्हा एकमेकांचे फोटो काढायला लागली. एक तास वीस मिनिटं! आमच्या वेळी एक गाडी एवढी लेट झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब फोनवर सालटी काढायचे, कारण काय लिहायचं या विचारानं आम्हाला घाम फुटायचा. इथं फलक चुपचाप आकडा बदलतो आणि कोणी विचारत नाही की बावा, काहून? दिल्लीत धुकं आहे, म्हणे. अरे, धुक्यात छत्तीस वर्षं गाड्या चालवल्या मी. खुर्चीत बसून चालवल्या, पण चालवल्या, सिग्नल जवळ आला हे ड्रायव्हरला आवाजानं कळावं म्हणून रुळावर फटाके ठेवायला लावून चालवल्या. हे लोक हवेत दोन थेंब पाणी तरंगलं की पंख मिटून बसतात, आणि पब्लिक त्यांचीच महागडी कॉफी पीत बसतं. विमानानं जाणारा माणूस मेंढरासारखा असतो. पट्टा बांध म्हटलं की बांधतो, जोडे काढ म्हटलं की काढतो, आणि घरी आला की चार दिवस हातावरची मेंदी पुसू न देणाऱ्या नवरीसारखा बॅगेवरची चिठ्ठी सांभाळतो.

मी गंगाधर रामटेके, सेक्शन कंट्रोलर, रिटायर्ड. सेक्शन कंट्रोलर म्हणजे काय हे माझ्या सख्ख्या भावालाही सांगून कळलं नाही, म्हणून एकदाच सांगतो. टेबलावर मोठा कागद असतो, चार्ट. एका बाजूनं स्टेशनं, दुसऱ्या बाजूनं वेळ, दोन-दोन मिनिटांची घरं. प्रत्येक गाडीची पेन्सिलीनं एक रेघ. कानाला फोन. स्टेशनवाला सांगतो गाडी निघाली, आपण रेघ पुढे ओढायची. दोन रेघा कुठं भेटणार, कोणती गाडी कोणासाठी थांबणार, हे त्या खुर्चीतला माणूस ठरवतो. ड्रायव्हर नाही, गार्ड नाही, खुर्चीतला माणूस. रीनाच्या ऑपरेशनची तारीख आली त्या दिवशी मी कपाटातून तसाच एक जुना कोरा चार्ट काढला आणि कमलाच्या प्रवासाची रेघ ओढायला बसलो. रीना आमची एकुलती एक, स्वीडनमधल्या गोटेनबर्गला असते. गळ्यात गाठ निघाली. शुक्रवारी सकाळी आठला ऑपरेशन. गाठ कशाची आहे ते आत गेल्यावरच कळणार, असं तिथले डॉक्टर बोलले, आणि पोट्टी फोनवर एवढंच म्हणाली की आई, भूल देण्याआधी तू दिसली पाहिजे. कमलानं चाळीस वर्षांच्या संसारात मला कधी काही मागितलं नाही. त्या दिवशी मात्र भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "मले ऑपरेशनच्या आधी पोचायचं आहे. नंतर नाही." मी चार्टच्या कोपऱ्यात लिहून घेतलं, शुक्रवार, आठच्या आत. बाकी काही त्या वाक्यात आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

रायपूरच्या पंडरी बाजारात राकेशचं तिकिटांचं दुकान आहे, कापडाच्या दोन ठोक दुकानांच्या मधे. आजोबा भंडाऱ्याहून आलेले, घरात आई मराठीत बोलते, आणि हा चाळीस वर्षांचा घोडा मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो. त्यानं मला कॉम्प्युटरवर एक तिकीट दाखवलं. रायपूरपासून गोटेनबर्गपर्यंत एकच तिकीट, पण मधे आखातातल्या कोणत्यातरी गावात नऊ तास पडून राहायचं. नऊ तास! मालगाडीलाही कोणी नऊ तास साइडिंगला टाकत नाही, टाकलं तर खुलासा मागतात. मी म्हटलं, हे बाजूला ठेव. माझा चार्ट उघडला त्याच्या काउंटरवर. रायपूरहून एका कंपनीचं विमान आठ दहाला, दिल्लीत सव्वादहा. दिल्लीहून दुसऱ्या कंपनीचं दोन वीसला. मधे चार तास पाच मिनिटं. पुढे सगळं सुतासारखं, गुरुवारी पहाटे गोटेनबर्ग. त्याच्या तिकिटापेक्षा तेरा तास आधी. राकेश चार्टकडे जन्मपत्रिका पाहावी तसा पाहत होता. मग म्हणाला, "अंकल, अलग-अलग टिकट में दूसरी कंपनी आंटी को पहचानती ही नहीं. पहली लेट हुई, तो दूसरी के लिए आंटी आई ही नहीं." सामानही दिल्लीत उतरवून घ्यावं लागेल, बाहेर पडून दुसऱ्या इमारतीत जावं लागेल, तिथं काउंटर एक तास आधी बंद होतो, वगैरे त्यानं बरंच ऐकवलं. मी म्हटलं, मग याले कनेक्शन काहून म्हणता? तो हसला. म्हणाला, ते आम्ही म्हणतो अंकल, त्या कंपन्या नाही म्हणत. मला तो हसला याचा राग आला. कनेक्शन हा शब्द ज्यानं आयुष्यभर खाल्ला त्याला हा उंटावरचा शहाणा कनेक्शन शिकवतो! मी म्हटलं, दोन तिकिटं काढ, वेगवेगळी. नंबर कोणाचा टाकू, त्यानं विचारलं. प्रवासी कोण आहे, मी म्हटलं, प्रवाशाचा नंबर टाक. नियम तो नियम.

घरी येऊन कमलाला चार्ट समजावून सांगितला. ती धमतरीची, तिथं लहानपण गेलेलं, त्यामुळे होकाराला ती छत्तीसगढी लोकांसारखं हव म्हणते. लग्न झाल्यापासून मला तो शब्द सहन होत नाही. काहीही सांगा, हव. बदली झाली, हव. तुझ्या भावाच्या लग्नाला जाता येणार नाही, हव. दिल्लीत बॅग पट्ट्यावरून उचलायची, हव, बाहेर यायचं, हव, निळ्या पाटीकडे जायचं, हव. पालथ्या घड्यावर पाणी. शाळेत मास्तरीण होती, पस्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले, पण मी तीनदा विचारलं की मधे किती वेळ आहे, तर खिडकीबाहेर पाहून म्हणाली, तुम्ही काढलं आहे ना. गेल्या मंगळवारी एकटीच ऑटो करून पंडरीला गेली. रीनासाठी गाऊन पाहते म्हणाली आणि दोन तासांनी हात हलवत परत आली. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या कपड्याच्या बाजारात तुले एक गाऊन भेटला नाही? म्हणाली, मनासारखा नाही भेटला. मी जेवताना त्यावर बराच बोललो. बायकांना बाजारात निर्णय घेता येत नाही, या विषयावर मला बरंच येतं.

आज सकाळी दारावरच्या शिपायाला तिनं मोबाईल दाखवला. मी प्लास्टिकच्या फाइलमध्ये तिकिटांच्या तीन-तीन प्रती, पासपोर्टची नक्कल आणि सगळ्यात वर घडी घातलेला चार्ट दिला होता, ती फाइल कुठं दिसली नाही. कागद असताना मोबाईल कायले, मी मागून ओरडलो. तिनं वळून पाहिलं नाही. चाकांची बॅग ओढत, शालीचं एक टोक जमिनीला घासत, ती आत गेली. आत जाताना मला एकदम ती लहान दिसली, आणि वाटलं, हिला आपण एकटं सोडलं. ते वाटणं मी लगेच झटकलं. चार तास पाच मिनिटांतून एक तास वीस गेले तरी पावणेतीन तास उरतात. काउंटर बंद व्हायच्या आधी पावणेदोन. पुष्कळ झाले.

मग नऊच्या सुमाराला फलकावर सव्वाअकरा आलं. म्हणजे दिल्लीत एक वीसला उतरणार. दोन वीसच्या विमानाचा काउंटरही एक वीसलाच बंद. मी मनातल्या मनात रेघ पुन्हा ओढली. पुन्हा ओढली. रेघ तीच. विमान धावून थांबेल, दार उघडेल, बॅग पट्ट्यावर येईल, आणि ती पट्ट्याशी उभी असताना दुसऱ्या इमारतीतला कोणीतरी पोट्टा आपल्या खुर्चीतून उठून काउंटरवर पाटी ठेवेल. उशावाली फॅमिली आत निघून गेली होती, पण त्यांनी टाकलेला चिप्सचा पुडा बाकाखाली होता, आणि मला त्या पुड्याचाही राग आला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मला कधी कशाची भीती वाटली की मी कोणालातरी मूर्ख ठरवतो, ही माझी जुनी खोड आहे. राकेश मूर्ख, कंपनी मूर्ख, धुकं मूर्ख. पण बाकावर दुसरं कोणी नव्हतं आणि चार्ट माझा होता.

नऊ मिनिटं. एकदा फरक नऊच मिनिटांचा होता. एक्क्याण्णवचा फेब्रुवारी. आम्ही बिलासपूरला रेल्वे कॉलनीत राहत होतो, रीना दोन वर्षांची. धमतरीहून फोन आला की बाबा, म्हणजे कमलाचे वडील, आता जास्त नाहीत, लेकीचं नाव घेऊन राहिले. दुपारच्या पॅसेंजरनं ती पोरीला कडेवर घेऊन निघाली. रायपूरला उतरून धमतरीची छोटी गाडी पकडायची, चार चाळीसची, दिवसातली शेवटची. आज त्या छोट्या रुळांवर चौपदरी रस्ता झाला आहे, पण तेव्हा त्या गाडीशिवाय संध्याकाळी धमतरीला जायला काही नव्हतं. मी ड्यूटीवर होतो. पॅसेंजर मांढरच्या पुढे मालगाडीमागे अडकली. चार सदतीसला रायपूरहून असिस्टंट स्टेशन मास्टर विनायकचा फोन आला. तो आपल्यातलाच, नागपूरचा. म्हणाला, पॅसेंजर दहा मिनिटांत लागते, छोटी गाडी रोखू का, आणि मग आवाज खाली करून, "साहेब, वहिनी आहे ना त्या गाडीत." खोलीत दोन टेबलं सोडून तिवारी बसला होता, कान इकडेच. दुसरं कोणी गाडी रोखली तर ओळख निघते, रामटेकेनं रोखली तर लायकी निघते, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. सहाच महिन्यांपूर्वी मीच तीच गाडी बावीस मिनिटं रोखली होती, एका मोठ्या साहेबाच्या मेहुणीसाठी, आणि कारण लिहिलं होतं, डब्याची तपासणी. विनायकला मी म्हणालो, "राइट टाइम सोड." त्यानं एकदा विचारलं, साहेब? मी म्हटलं, ऐकलं नाही का, राइट टाइम. चार चाळीसला छोटी गाडी सुटली, चार एकोणपन्नासला पॅसेंजर लागली. चार्टवर मी छोट्या गाडीची रेघ ओढली, सरळ, कुठंही वाक नाही. कमलाला स्टेशनच्या पुलावरून त्या गाडीचा शेवटचा डबा दिसला, असं तिनं पुढे एकदा, एकदाच सांगितलं. ती रात्र तिनं पोरीला घेऊन स्टेशनवर काढली. बाबा साडेनऊला गेले. गाडी भेटली असती तर ती आठला घरी असती.

यातली घाण अशी की ही गोष्ट मी स्वतःच जगाला सांगितली. रडत नाही, छाती काढून. रिटायरमेंटच्या समारंभात सांगितली, टाळ्या पडल्या. बुद्धविहाराच्या कार्यक्रमात, नोकरीला लागणाऱ्या पोरांसमोर सांगितली. रीनाच्या लग्नात व्याह्यांना सांगितली. सख्ख्या बायकोसाठी नऊ मिनिटं नाही रोखली, तिचा बाप मरणाच्या दारात होता तरी! लोक माझ्याकडे पाहायचे आणि मग कमलाकडे पाहायचे, आणि ती दरवेळी उठून चहाचं पाहायला जायची. मला वाटायचं लाजते. मेहुणीची बावीस मिनिटं मी त्या गोष्टीत कधी घातली नाही. त्या बावीस मिनिटांशिवाय गोष्ट छान होते. तेव्हा धमतरीला मी तिसऱ्या दिवशी पोचलो, तिच्यासमोर उभा राहून म्हणालो, नियमाबाहेर जाता येत नव्हतं, समजून घे. ती ओसरीत बसली होती, रीना तिच्या मांडीवर झोपलेली. हव, म्हणाली. मी समजलो, संपलं.

दहा वाजता मी दुसऱ्या कंपनीचा फोन लावला. खिशात माझी प्रत होती, तिच्यावर नंबर होता. आधी गाणं वाजलं, मग एक दाबा, दोन दाबा, मग पुन्हा गाणं. बारा मिनिटं गाणं. मी बाकावरून उठून उभा राहिलो होतो, का ते माहीत नाही, साहेबाशी बोलताना उभं राहायची सवय असेल. शेवटी एक पोरगी आली, आवाजात साखर. मी माझा हुद्दा सांगितला. तिला हुद्द्याशी घेणं नव्हतं. मी सांगितलं की रायपूरचं विमान लेट आहे, प्रवासी एक वीसला उतरते, तुमचा काउंटर अर्धा तास उघडा ठेवा. ती म्हणाली, सर, ते दुसऱ्या कंपनीचं विमान आहे, आमचा त्याच्याशी संबंध नाही. मी नियम सांगितला, ती नियम म्हणाली. तिचे नियम माझ्याहून जास्त पाठ होते. मग मी जे बोललो ते मी बोललो यावर माझा अजून विश्वास नाही. मी म्हणालो, "बेटा, आधा घंटा रोक लो. मेरी वाइफ है." मला माझाच आवाज ऐकू येत होता, पण तो विनायकसारखा येत होता, दबका, लाचार. मी पुन्हा म्हणालो, वाइफ है, उसकी बेटी का ऑपरेशन है. उसकी म्हणालो, हमारी नाही. पोरगी म्हणाली, एक मिनट सर, नंबर बताइए. मी नंबर सांगितला. पुन्हा गाणं. मग ती आली आणि म्हणाली, "सर, यह टिकट तो पिछले मंगलवार को कैंसल हो चुका है. पैसेंजर की रिक्वेस्ट पर."

मी म्हटलं, तुमची चूक झाली आहे, पुन्हा पाहा. तिनं पुन्हा पाहिलं. मी म्हटलं, असं कसं कोणी रद्द करेल, मूर्ख आहात का तुम्ही लोक. ती म्हणाली, और कोई सहायता, सर? मंगळवार. पंडरी. मनासारखा नाही भेटला. मी खाली बसलो. पायाखाली तो चिप्सचा पुडा आला आणि वाजला.

कमलाला फोन लावायला बोट पुढे नेलं तर तिचाच आला. तिच्यामागे लाउडस्पीकर बोलत होता. म्हणाली, बोर्डिंग सुरू झालं, तुम्ही घरी जा आता, थंडीत बसू नका. बाहेर बसलो आहे हे तिला कसं कळलं, विचारलं नाही. मी म्हटलं, मंगळवारी तू राकेशकडे गेली होती.

"हव."

"आणि तिकीट बदलून आली."

"हव. ते एकाच तिकिटाचं घेतलं, नऊ तासवालं. दिल्लीपर्यंत जहाज तेच." मग जरा थांबून, पोरांना गणित समजावावं तसं शांतपणे म्हणाली, "दिल्लीचं हुकलं तर तेच लोक मले दुसऱ्या जहाजात बसवतात. इथल्या काउंटरवर बाईनं आत्ताच नवीन चिठ्ठी देली. बॅग बी थेट जाते. उद्या संध्याकाळी पोचतो म्हणाली."

शुक्रवारच्या आत. म्हणजे ती पोचणार. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी कोणीतरी भर बाजारात माझं पागोटं उडवल्यासारखं वाटलं. दोन्ही खरं होतं. मी म्हटलं, मले काहून नाही सांगितलं?

"तुम्ही राइट टाइमचे माणूस," कमला म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर मला काही बोलता आलं असतं. "ज्यायले आपल्यासाठी थांबणं भाग आहे, असं तिकीट पाहिजे होतं मले. एकदा पाहिलं पुलावरून. रीना कडेवर होती तेव्हा."

मी म्हणालो, मी आत्ता त्या कंपनीला फोन केला होता. अर्धा तास रोका म्हटलं. माह्या बायकोसाठी रोका म्हटलं. हे तिला का सांगितलं कोण जाणे. शाबासकी पाहिजे होती बहुतेक, इतकी वर्षं टाळ्यांची सवय. पलीकडे कोणीतरी तिला आंटी, आगे बढ़िए म्हटलं.

"हव," ती म्हणाली. आणि मला पहिल्यांदा कळलं की या शब्दाचा अर्थ हो असा नसतो. ऐकलं, एवढाच असतो. आयुष्यभर ती मला एवढंच सांगत होती, ऐकलं. "फाइल गाडीत मागच्या सीटवर आहे," ती म्हणाली. "मले नाही लागली." आणि फोन बंद झाला.

गाडी पार्किंगच्या पार टोकाला होती. मागच्या सीटवर फाइल व्यवस्थित ठेवलेली, घसरू नये म्हणून तिच्यावर पाण्याची बाटली. चार्ट काढून स्टिअरिंगवर पसरला. माझी रेघ, टोकदार पेन्सिलीची, रायपूर ते गोटेनबर्ग, कुठंही वाक नाही. सव्वाअकराला डोक्यावरून आवाज गेला. मी खिशातून पेन्सिल काढली, जुनी रेघ खोडली आणि नवी ओढायला घेतली. रायपूर, सुटली अकरा पंधरा. दिल्ली, एक वीस. पुढे पेन्सिल थांबली. ती कोणत्या कंपनीनं जाणार, किती वाजता, आखातातल्या कोणत्या गावावरून, यातलं काही मी तिला विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच, मले काहून नाही सांगितलं. फोन लावला. बंद होता. दोन-दोन मिनिटांची घरं समोर पसरली होती आणि मी पेन्सिल दिल्लीवर टेकवून बसून राहिलो.